बंदरावरचा बावटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तीन नंबरचा बावटा लागला" हे शब्द मालवणात लहान पोरालाही कळतात. पण वादळाची खबर बंदरावर येई कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्याविषयीच थोडे सांगणार आहे.

आपल्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर दर्यात लोटल्या जातात. मासळीचा हंगाम रंगतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि अरबी समुद्रातली तुफाने बहुधा त्याच दिवसांत उठतात. त्यांची दुसरी पाळी मे-जूनची. आषाढातला दर्या भयंकर खरा, परंतु तेव्हा होडी किनाऱ्यावर झाकून ठेवलेली असते. घात होतो तो आभाळ निवळल्यावर.

ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यास चक्रीवादळ होऊन हजारो माणसे बुडाली, तेव्हा सरकार जागे झाले. पुढल्याच वर्षी त्या बंदराला इशारे देण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये हवामानखाते निघाले. १८८० पासून पश्चिम किनाऱ्यावर इशारे येऊ लागले, ते मुंबई, कराची, रत्नागिरी, कारवार, कुमठा आणि आपले वेंगुर्ले या बंदरांना.

काम चाले ते असे. किनाऱ्यावरच्या वेधशाळांतून हवेचा दाब, वारा आणि पाऊस यांची नोंद तारेने मुख्य कचेरीत जाई. तेथे नकाशावर आकडे मांडून, सारख्या दाबाच्या ठिकाणांतून रेषा ओढीत. रेषा वर्तुळाकार होऊन दाटल्या की वादळ ओळखावे. युक्ती नामी, पण समुद्रात तारेचे खांब कुठले? आगबोटीने पाहिलेले वादळ, ती बंदराला लागेपर्यंत कोणाला कळत नसे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी 'वैतरणा' काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणत. तिच्यावरचे एकही माणूस परतले नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या.

विसाव्या शतकात बोटींवर बिनतारी यंत्र आले आणि भर समुद्रातली खबर त्याच दिवशी मिळू लागली. त्यातही एक गंमत होती. इशारा मिळाला की बोटी वादळ टाळून दूर निघून जात, आणि मग वादळाच्या पोटातली खबर देणारे कोणी उरत नसे! उपग्रह येईपर्यंत ही अडचण सुटली नाही.

आता बावट्याकडे वळू. आपण बावटा म्हणतो, पण तो कापडी निशाण नव्हे. दिवसा शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा चढवीत, रात्री तांबडे-पांढरे कंदील. १८९८ पासून सगळ्या बंदरांना एकच पद्धत लागू झाली. एकूण अकरा खुणा. लहान बंदरांना त्यांतल्या पाचच, म्हणजे तीन, चार, सात, दहा आणि अकरा. तीन म्हणजे सावध राहा, दहा म्हणजे महाधोका. अकराचा अर्थ मात्र निराळा. इशारा देणाऱ्या कचेरीशी संबंध तुटला आहे आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला हवा बिघडण्याची भीती वाटते, असा तो.

पण देवबाग-तारकर्लीच्या बाईला मालवण बंदरावरचा कंदील कसा दिसावा? आणि होडीतल्या धन्याला तर नाहीच नाही. माझ्या मते खरी उणीव ती होती. नोव्हेंबर २००९ मधल्या 'फयान'च्या वेळी आकाशात उपग्रह होते, तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मच्छीमार गेले. ९ तारखेला कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि ११ ला वादळ किनाऱ्यावर आले. खोल समुद्रात गेलेल्या होडीला तेवढ्यात परतणे कठीण. मे २०२१ मधल्या 'तौक्ते'ची खबर दोन-तीन दिवस आधी मिळाली, होड्या परतल्याही. तरी देवगडच्या आनंदवाडीला नांगरलेल्या होड्या बुडून खलाशी गेले. खबर वेळेवर आली, पण आसऱ्याची जागा पुरी पडली नाही.

एक जुना खलाशी नियम सांगते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. कमी दाबाची जागा डाव्या हाताला असते. वारा दक्षिणेचा असेल तर आपले तोंड उत्तरेला होते आणि डावा हात दर्याकडे, म्हणजे वादळ समुद्रात आहे असे समजावे. १८५७ मध्ये बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने हा नियम मांडला. हे पाहायला यंत्र लागत नाही, वाळूवर उभे राहिले की पुरे.