प्रश्न विचारणारे बेट

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील, बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेटाशी आपला काय संबंध? तेथील माणसे बौद्ध नाहीत, बाबासाहेबांचे नाव बहुधा त्यांच्या कानावर गेलेले नसेल. परंतु दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण शोधता येते, एवढे मान्य करणाऱ्याला हे बेट परके वाटण्याचे कारण नाही. विशेषतः विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी ही हकीकत नीट समजून घ्यावी अशी इच्छा आहे.

हे बेट अलास्काच्या भूमीपेक्षा रशियाच्या किनाऱ्याला जवळ आहे. झाडे जवळजवळ नाहीत आणि वर्षातील बराच काळ भोवतालचा समुद्र गोठलेला असतो. सवूंगा आणि गॅम्बेल अशी दोन गावे, आणि प्रत्येक गावात काही शेकडा लोक. हे लोक सैबेरियन युपिक आदिवासी असून शेकडो वर्षे देवमासा, वॉलरस, सील, मासे आणि रानभाजी यांवर जगत आले. 1878 ते 1880 या काळातील दुष्काळ व साथीत बेटावरील बहुसंख्य लोक दगावले. जे वाचले त्यांचे हे वंशज. 1971 साली अलास्कातील आदिवासींच्या जमिनीसंबंधी कायदा झाला, तेव्हा या दोन गावांनी पैशाचा वाटा घेण्याऐवजी संपूर्ण बेटाची मालकी घेतली. भूमिहीनता म्हणजे काय हे ज्यांच्या घरात माहीत आहे, त्यांना या निर्णयाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

मात्र जमीन हाती आली ती स्वच्छ नव्हती. शीतयुद्धाच्या काळात, 1950 च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकी लष्कराने बेटाच्या ईशान्य टोकावर, नॉर्थईस्ट केप येथे, रशियावर नजर ठेवण्यासाठी तळ उभारला. गॅम्बेल गावाजवळही लष्कराचा वावर होता. 1970 च्या दशकाच्या आरंभी ईशान्येकडचा तळ बंद झाला. सैनिक गेले. मागे राहिली तेलाची पिंपे, मोडक्या इमारती, विजेचे ट्रान्सफॉर्मर आणि जमिनीत मुरलेले इंधन. लाखो लिटर इंधन सांडले होते व ते तेथील सुकी नावाच्या नदीच्या खोऱ्यात उतरले. पूर्वी या नदीत मासे विपुल असत, असे गावातील वृद्ध सांगतात. युपिक कुटुंबे शिकारीच्या व मासेमारीच्या हंगामात याच भागात मुक्कामाला जात असत.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची रसायने असत. अमेरिकेत 1979 साली त्यांच्या उत्पादनावर बंदी आली. पण हा पदार्थ लवकर कुजत नाही. तो पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. सूक्ष्म जीवाच्या अंगातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात, त्यातून सीलमध्ये, आणि सीलच्या चरबीतून माणसात, अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. शिवाय उष्ण प्रदेशात अशी रसायने वाफ होऊन हवेत जातात आणि थंड प्रदेशात खाली उतरतात. म्हणजे ज्यांनी कधी कारखाना पाहिला नाही, त्यांच्याच ताटात जगभराच्या कारखान्यांचे विष येऊन पडते. प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना आम्ही दिव्याची, वातीची आणि तेलाची उपमा देतो. यापुढे हेही उदाहरण द्यायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या बेटावर काहीतरी बिघडले आहे हे प्रथम सवूंगाच्या ॲनी अलोवा यांनी ओळखले. त्या गावच्या आरोग्यसेविका होत्या. आपल्याकडे आशाताई असतात, तशा. घराघरांत जाणे, बाळंतपणे पाहणे, आजाऱ्याजवळ बसणे हे त्यांचे काम. तळावर काम केलेल्या किंवा त्या परिसरात राहिलेल्या कुटुंबांमध्ये कर्करोग, गर्भपात, कमी वजनाची मुले असे प्रकार त्यांना दिसू लागले. त्यांनी टिपून ठेवले, अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, वर्षानुवर्षे लिहिली. फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1999 साली त्या स्वतः कर्करोगाने वारल्या. अतिसाराने लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयातील कथा आपण दरवर्षी ऐकतो. आजाऱ्याच्या जवळ बसणाऱ्यालाच आजार प्रथम कळतो, असा आम्ही तिचा एक अर्थ घेतो.

1997 साली पामेला मिलर यांनी ‘अलास्का कम्युनिटी ॲक्शन ऑन टॉक्सिक्स’ ही संस्था स्थापन केली आणि अलोवा यांचे काम पुढे चालू राहिले. सवूंगाच्याच वाय वाघियी या युपिक भगिनी नंतर या कामाच्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या. 2021 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पर्यावरण-न्यायविषयक सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली. न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथील विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड कार्पेंटर यांच्यासारखे पीसीबीचे जाणकार शास्त्रज्ञ या कामात आले. लक्षात घेण्यासारखी बाब ही की, ते गावाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधायला आले. काय तपासायचे हे गावाच्या ज्येष्ठांशी आणि पंचायतीशी बोलून ठरले आणि गावातील माणसे प्रशिक्षण घेऊन कामाला लागली. निबंध प्रसिद्ध झाले तेव्हा लेखकांच्या यादीत शास्त्रज्ञांबरोबर या कार्यकर्त्यांचीही नावे आली.

याचे महत्त्व आपल्या समाजाला अधिक कळावे. आपली पाहणी इतरांनी पुष्कळ केली. वस्तीत येतात, तक्ता भरून घेतात, फोटो काढतात आणि जातात. अहवालात काय छापले ते वस्तीला कधी कळत नाही. बेटावरील लोकांनी ही रीत नाकारली. विद्यार्थ्यांनी पुढे संशोधनास जाताना एवढे एक जरी ध्यानात ठेवले तरी आजच्या भाषणाचे काम झाले.

आढळले काय? सुमारे 130 लोकांचे रक्त तपासण्यात आले आणि निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील सर्वसाधारण लोकांपेक्षा बेटवासीयांच्या रक्तात पीसीबी कितीतरी पट अधिक निघाले. ज्या कुटुंबांचा नॉर्थईस्ट केपशी संबंध होता, त्यांच्यात ते आणखी जास्त होते. सरकारी खात्यांचे म्हणणे असे की, हे विष मुख्यतः दुरून हवेने व समुद्राने येते. उत्तर ध्रुवाकडील इतर आदिवासींतही ते आढळते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु दुरून येणारे विष दोन्ही गावांना सारखेच येत असताना, तळाजवळ मुक्काम करणाऱ्यांच्या रक्तात अधिक का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढील काळात घरातील धुळीत, तसेच नदीतील छोट्या माशांत काय साठले आहे याचाही अभ्यास झाला. आग प्रतिबंधक रसायने आणि थायरॉईड ग्रंथीचे कार्य यांचा संबंधही तपासला गेला.

या अभ्यासाने काय सिद्ध झाले नाही, तेही सांगायला हवे. अमक्या बाईचा कर्करोग तळामुळेच झाला, असे या तपासणीवरून म्हणता येत नाही. काही शेकडा लोकांच्या गावात रुग्णांची संख्या इतकी थोडी असते की, आकडेशास्त्र तेथे ठाम बोलत नाही. कालामांना तथागतांनी सांगितलेली कसोटी आपल्या बाजूच्या म्हणण्यालाही लावावी लागते. तसे केल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. सिद्ध झाले तेवढे धरून ही माणसे लढली आणि म्हणूनच त्यांना खोडून काढणे कठीण गेले.

सर्वांत अवघड प्रश्न पुढेच होता. अन्नात विष आहे, तर अन्न सोडावे का? बेटावर दुकानातील माल विमानाने येतो, तो महाग असतो आणि त्यात साखर व डबाबंद पदार्थच फार. शिकार सोडली तर मधुमेह येतो, आणि शिकारीबरोबरची भाषा, वाटून खाण्याची रीत, म्हाताऱ्यांचा मान हे सारेच जाते. आईच्या दुधातही ही रसायने उतरतात, म्हणून दूध पाजू नये का? जाणकारांचा सल्ला पाजावे असाच आहे. बेटवासीयांनी घेतलेली भूमिका आम्हाला योग्य वाटते: आम्ही अन्न सोडणार नाही, तुम्ही विष सोडा. विनयात भिक्खूंसाठी साधा नियम आहे की, आजारी नसताना पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये. पाणी घाण न करण्याची जबाबदारी तेथे घाण करू शकणाऱ्यावर आहे, पिणाऱ्यावर नाही. चवदार तळ्याचा संगर करणाऱ्या समाजाला पाण्याच्या मालकीचा आणि पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न वेगळा करता येईल असे आम्हाला वाटत नाही.

या भूमिकेचा पाठपुरावा त्यांनी जागतिक पातळीवर केला. दीर्घकाळ न कुजणाऱ्या रसायनांवरील स्टॉकहोम करार 2001 साली झाला व 2004 साली अंमलात आला. उत्तर ध्रुवाकडील आदिवासींना असलेल्या धोक्याचा उल्लेख कराराच्या प्रस्तावनेतच आहे. बेटाचे प्रतिनिधी या कराराच्या बैठकांना जाऊन बोलत आले आहेत. भारताने 2006 साली करारास मान्यता दिली. अमेरिकेने सही केली, पण तिच्या सिनेटने मान्यता दिलेली नाही. तळाच्या सफाईवर 10 कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आहे, हजारो टन माती व भंगार बेटाबाहेर नेण्यात आले. तरीही सफाई पुरी झाली हे म्हणणे गावकऱ्यांना मान्य नाही.

विद्यार्थी मित्रांना एक सूचना करून थांबतो. पुढील रविवारी विहारात अभ्यासवर्ग आहे. पाण्याच्या तपासणीचा अहवाल कसा वाचायचा, नमुना कसा घ्यायचा आणि बाटलीवर काय लिहायचे, हे त्यात करून दाखवले जाईल. ज्यांच्या वस्तीत बोअरिंगचे पाणी पितात, त्यांनी एक स्वच्छ बाटली आणि एक वही घेऊन यावे. आईला, आजीला विचारून गेल्या दहा वर्षांत घरात व शेजारी कोण कशाने आजारी पडले, तेही लिहून आणावे. नावे लिहू नयेत, वय आणि वर्ष पुरे.

नमो बुद्धाय. जयभीम.