बलवानाची नाडी

कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच दुसरें नाहीं. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत बारी गांवापासून त्याची चढण लागते. लोखंडी शिड्यांपाशीं पोहोंचेपर्यंत बहुतेकांची छाती धडधडूं लागते, व घटकाभर बसलें कीं ती धडधड उतरते. श्रमाला हृदयानें दिलेलें हें सरळ उत्तर होय. परंतु नित्य धांवणारा, शंभर-शंभर किलोमीटर सायकल चालविणारा एखादा सुदृढ गृहस्थ अशाच चढणीवर एकाएकीं थबकतो. छातींत पाखरूं फडफडावें तसें होतें, डोळ्यांपुढें अंधारी येते आणि पांच मिनिटांत सारें पूर्ववत् होतें. घरीं तो बोलत नाहीं; बोललाच तर ‘पित्त झालें असेल’ हा निकाल स्वयंपाकघरांतच लागतो. आपल्या बळाची भीड त्याला डॉक्टरकडे जाऊं देत नाहीं.

विश्रांतीच्या वेळीं सामान्य माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० चालते. वर्षानुवर्षें धांवणाराची ४०-५० वर येते. त्याचें हृदय एका आकुंचनांत अधिक रक्त लोटतें, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. स्वीडनमधील डॉक्टर हेन्शेन यांनीं १८९९ सालीं बर्फावरील शर्यतवीरांच्या छातीवर नुसत्या बोटांनीं ठोकून त्यांचीं हृदयें मोठीं झाल्याचें ओळखलें होतें. भोवळ येत नसेल, तर अशी संथ नाडी हें दुखणें नव्हे.

त्याच देशांत ९० किलोमीटरांची वासालोपेट नांवाची शर्यत होते. तींत उतरलेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांनीं अधिक शर्यती पुऱ्या केल्या व ज्यांनीं त्या अधिक वेगानें केल्या, त्यांच्यांत हृदयाची लय बिघडण्याचें प्रमाण अधिक आढळलें. या बिघाडांतील एका प्रकारांत हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावतां नुसते थरथरतात. तेथें रक्त साकळून गुठळी मेंदूंत गेली, तर पक्षाघात होतो. यावरून व्यायाम टाकावा असें मात्र ठरत नाहीं. निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षीं त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास जातांना याच जिल्ह्यांतून जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या वृद्धांना कोणी खेळाडू म्हणत नाहीं. पण ते करतात तें दमाचेंच काम होय.

भय कशाचें धरावें? स्वस्थ बसलें असतां एखादा ठोका चुकणें आणि धांवूं लागतांच तें थांबणें, हें बहुधा निरुपद्रवी असतें. श्रमाबरोबर तें वाढत असेल, तर मात्र तपासणी हवी. शर्यत संपवून एकदम उभें राहिल्यावर येणारी भोवळ पुष्कळदां पायांत रक्त साचल्यानें येते. धांवतां धांवतांच शुद्ध जाणें ही निराळी गोष्ट. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ रोजीं ल्याँ येथें खेळतांनाच कोसळला व गेला. त्याच्या हृदयाचा स्नायु जाड झालेला होता, असें शवपरीक्षेंत दिसलें. हा विकार बहुधा आनुवंशिक असतो. म्हणून घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् वारलें असल्यास तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. आणि अंगांत ताप असतां धांवूंच नये.

खरी अडचण पुढेंच आहे. रोगी संगमनेरास किंवा नगरास डॉक्टरांपुढें बसतो, तेव्हां नाडी सुतासारखी सरळ चालत असते. कांहीं सेकंदांच्या हृदयालेखांत कांहीं सांपडत नाहीं, आणि तो समाधानानें परततो. यास्तव धडधड चालूं असतांनाच पुरें एक मिनिट ठोके मोजावे. ते नियमित होते कीं विस्कळीत, एकदम सुरू झाले कीं हळूहळू, हें वेळेसह टिपावें. आदली रात्र, चहा, उपवास, औषधें हींही लिहावीं. मनगटी घड्याळानें आलेख काढला असल्यास तो दाखवावा. मात्र घड्याळ गप्प राहिलें म्हणून निर्धास्त होऊं नये. आपण किती धांवतों, हें डॉक्टरांस प्रथम सांगावें; नाहींतर कसलेल्या हृदयाचा आलेख रोगट वाटण्याचा संभव असतो. मग चोवीस तासांची होल्टर नोंद, हृदयाची सोनोग्राफी, रक्तांतील लोह व थायरॉइड यांची परीक्षा, यांपैकीं काय हवें तें ते ठरवितील.

श्रम करतांना शुद्ध गेली असेल, तर तपासणी होईपर्यंत धांवणें बंद ठेवावें. छातींत कळ, दम किंवा मूर्च्छा असेल, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. कोसळलेला माणूस हांकेला ओ देत नसेल व नीट श्वासहि घेत नसेल, तर १०८ क्रमांकास कळवून, गाडी येईपर्यंत त्याच्या छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळां जोरानें दाब देत राहावें.