डॉल्बीचा दणका आणि लो-पास फिल्टर
गणेश विसर्जनाची मिरवणूक कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवर आली की गाण्याचे शब्द कळायच्या आधी खिडकीच्या काचा थरथरतात. तिथं ज्याला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात, त्या स्पीकरच्या भिंतीतल्या मोठ्या बेसकडे फक्त खर्जातले सूर पाठवले जातात. हे काम लो-पास फिल्टरचं.

साध्या फिल्टरला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. सिग्नल रेझिस्टरमधून येतो. कपॅसिटरचं एक टोक रेझिस्टरच्या पुढच्या टोकाला जोडलेलं, दुसरं ग्राउंडला. सिग्नल सावकाश बदलला तर कपॅसिटरला भरायला सवड मिळते आणि व्होल्टेज जवळपास जसंच्या तसं पुढं जातं. झपाट्यानं बदलला तर कपॅसिटर भरायच्या आतच सिग्नलची दिशा उलटते आणि पुढं फारसं व्होल्टेज जात नाही. १६०० ओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले की फिल्टरची सीमा येते सुमारे १०० हर्ट्झवर. तिथं कडेलोट नसतो, उतार असतो: १०० हर्ट्झला ७० टक्के व्होल्टेज उरतं, १००० हर्ट्झला १० टक्के.

घराच्या भिंतीही अशाच फिल्टरसारख्या: शब्द अडवतात, दणका आत सोडतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या ‘ए’ मापानं मोजतात, त्यात खर्जाला वजन कमी. तान्ह्या बाळांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरांसाठी खर्ज वेगळा मोजायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.