फाल्गुनातला प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नेपाळच्या सहलीवर चार शब्द बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. सहलीला जाऊन आलेल्या बाईने फोटो दाखवावे आणि बाकीच्यांनी "अगंबाई!" म्हणावे, अशी रीत आहे. माझ्याजवळ फोटो थोडे आहेत. हिशेबाची वही मात्र पूर्ण आहे. म्हणून मी आज सहल सांगणार नाही, सहल कशी ठरवली ते सांगणार आहे. पुढे कोणाला जावयाचे असेल तर त्याचाच उपयोग अधिक होईल.

आपण बायका प्रवासाला जातो त्या मे महिन्यात. का, तर मुलांच्या शाळांना सुट्टी असते. आम्हीही काही वर्षांपूर्वी अशाच मे महिन्यात एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. घाट चढताना गाड्यांची रांग लागली ती सहा तास हलली नाही. आम्ही थंड हवा खाण्याऐवजी धूर खाऊन परत आलो. त्या रांगेत बसल्या बसल्या पापडीच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, आपली मुले आता नोकऱ्या करतात. मग आपण कोणाच्या सुट्टीसाठी मे महिन्यात निघालो आहोत?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर कोणालाच देता येईना. मुले मोठी होऊन दहा-दहा वर्षे झाली, तरी आमचे पंचांग शाळेचेच राहिले होते. त्याच दिवशी ठरले की, पुढचा प्रवास गर्दीच्या आधी, फाल्गुनात करावयाचा.

नेपाळ कसे ठरले तेही सांगते. आगाशीच्या काकूंच्या देवघरात त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. काकूंचे वय तेव्हा ७२ होते. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षे रोज त्याला आंघोळ घालते आहे. त्याचे माहेर एकदा पाहावे असे वाटते." शाळिग्रामाचे माहेर म्हणजे नेपाळातली काळी गंडकी. तिच्या काठाने वर गेले की मुक्तिनाथ. शाळिग्राम म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एका शंखासारख्या प्राण्याचा झालेला दगड. आज जिथे हिमालय उभा आहे तिथे तेव्हा समुद्र होता. हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे तोही आपल्यासारखा दर्याकाठचाच!" मग दुसऱ्या देशाचे नाव कोणी काढले नाही.

आमच्या इमारतीचे रखवालदार नेपाळचे, बागलुंग जिल्ह्यातले. मुक्तिनाथची वाट त्यांच्या मुलखाकडूनच जाते. आम्ही रीतसर त्यांना चहाला बोलावले आणि वही काढून बसलो. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी सोन्याच्या ठरल्या. पहिली, डोंगर पाहावयाचे तर पहाटे पाहा. मार्च सरत आला की हवेत धूसरपणा येतो आणि दुपारी ढग जमतात. दुसरी, जोमसोमला दुपारी वारा असा सुटतो की विमान उतरत नाही. तेथली विमाने सकाळीच येतात-जातात, आणि हवा बिघडली तर येतही नाहीत. म्हणून एक दिवस हातचा राखून ठेवा. वर्षानुवर्षे आपल्याला दार उघडून देणारा माणूस एवढे जाणतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले, याची थोडी लाजच वाटली.

मग तारखा. २०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला होती. त्या दिवशी पशुपतिनाथाला अलोट गर्दी होते, म्हणून त्यानंतर निघावयाचे. परतावयाचे मात्र २४ मार्चच्या आत. कारण त्या दिवशी होळी, आणि होळीला घरची बाई घरी नाही हे वसईत चालणार नाही. योग असा की, त्याच दिवशी झावळ्यांचा रविवारही होता. निर्मळच्या मावशी म्हणाल्या, "तुमची होळी तशी आमची झावळी. मलाही घरी पोहोचले पाहिजे." त्यांचा उपवासकाळ चालू होता. आमच्यातल्या निम्म्या एकादशीवाल्या, तेव्हा जेवणाची यादी आपोआप शाकाहारी झाली. ११ तारखेला निघून २१ ला परत, असे ठरले.

पैशांसाठी वेगळी भिशी लावली. २०२२ च्या दसऱ्यापासून दरमहा २,५०० रुपये, १७ महिने, म्हणजे प्रत्येकीचे ४२,५०० जमले. कोणीही घरी हात पसरावयाचा नाही, हा नियम. भाजीतून, शिवणातून, निवृत्तिवेतनातून जे निघेल ते. शेवटी तेराजणी पक्क्या झाल्या. हंगामाच्या आधी जात असल्यामुळे हॉटेलांशी दर बोलून घेता आले. पण त्याची दुसरी बाजूही सांगते. वरच्या गावांत काही उपाहारगृहे अजून उघडलेली नव्हती आणि आंघोळीला गरम पाणी मिळेलच असे नव्हते. स्वस्ताई फुकट मिळत नाही.

कागदपत्रांचा अध्याय सर्वांत मोठा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आमच्या वयाला नुसते आधार कार्ड पुरत नाही. कपाटे उघडली तेव्हा काय निघाले? एकीच्या ओळखपत्रावर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. दुसरीचे ओळखपत्र जुन्या पत्त्यावर हरवलेले. तिसरीजवळ स्वतःच्या नावाचा एकही धड कागद नव्हता. चाळीस वर्षे संसार केला, घराचा कर भरला, आणि आपण कोण हे सांगणारा कागद नाही! ते कागद उभे करावयास पाच महिने गेले. भगिनींनो, प्रवासाला जा अगर जाऊ नका, पण आज घरी गेल्यावर आपले कागद एकदा काढून पाहा. आणि तिकिटावर नाव घालाल ते ओळखपत्रात असेल तसेच घाला.

पायांची तयारी आम्ही जीवदानीवर केली. दर शनिवारी पहाटे विरारला जाऊन सुमारे १३०० पायऱ्या चढावयाच्या. पहिल्या शनिवारी अर्ध्याजणी निम्म्यावर बसल्या. माघ संपेपर्यंत सगळ्या वर पोहोचू लागल्या. पण पाय तयार झाले तरी श्वासाचे काय? आपण समुद्रसपाटीची माणसे. काठमांडू सुमारे १,४०० मीटर उंच, पोखरा त्याहून खाली, जोमसोम सुमारे २,७०० आणि मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. एवढ्या उंचीवर हवा विरळ. घाईने चढले तर डोके दुखते, मळमळते, आणि दुर्लक्ष केले तर जिवावर बेतते. म्हणून नियम असा की, दिवसा वर जावे आणि निजावयास खाली यावे. कोणाला त्रास वाटला तर हट्ट न करता लगेच उतरावे. आम्ही मुक्काम जोमसोमला ठेवला, मुक्तिनाथला नाही.

आणि इथेच खरी अडचण आली. निघण्यापूर्वी सगळ्यांची तपासणी केली. डॉक्टरांनी काकूंना पोखरापर्यंत हो म्हटले, त्याच्या वर नाही म्हटले. हृदयाचे दुखणे होते. ज्यांच्यासाठी नेपाळ ठरले, त्यांनाच वर जाता येणार नाही!

त्या संध्याकाळची सभा मला विसरता येत नाही. कोणी म्हणाले, मुक्तिनाथ रद्द करू. कोणी म्हणाले, काकूंना न कळवता नेऊ, देव सांभाळील. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "देवावर असले ओझे टाकू नका. तुम्ही वर जा. मी पोखराला थांबते. मला फक्त त्याच्या माहेरचे पाणी आणा."

पण काकूंना एकटे कसे ठेवावयाचे? एकीने थांबणे भाग होते. चिठ्ठ्या टाकाव्या असे निघाले. वही माझ्या हातात होती. सतरा महिने मुक्तिनाथचा नकाशा मी रोज पाहत होते. मी म्हटले, "चिठ्ठ्या नकोत. मी थांबते." हे मी फार मोठ्या मनाने म्हटले असे समजू नका. घरी जाऊन मी रडले. पण ज्या बाईने बेत आखला, तिने शेवटची जागा घ्यावी, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

ठरल्याप्रमाणे निघालो. घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली. काठमांडूत सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला, तर पाट्या वाचता येण्याचा! नेपाळी भाषा आपल्याच लिपीत लिहितात. पसल म्हणजे दुकान, चिया म्हणजे चहा, आणि शौचालय म्हणजे शौचालयच. इंग्रजीला घाबरणाऱ्या आमच्या बायका परक्या देशात वाट विचारत नव्हत्या, वाचत होत्या. पैशांचा हिशेबही सोपा. आपल्या शंभराचे तिकडचे १६० होतात. मोठ्या भारतीय नोटांना त्या वेळी अडचण होती, म्हणून आम्ही शंभराच्याच नेल्या. असले नियम बदलतात, निघताना विचारून घ्यावे.

काठमांडूत मला एक आठवण झाली. चिमाजीआप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला, हे आपल्या नातवंडांनाही पाठ असते. त्याच पेशवे घराण्याचे नानासाहेब १८५७ च्या उठावानंतर घरच्या बायकांना घेऊन नेपाळच्या आश्रयाला गेले. त्या बायकांना ना ऋतू निवडता आला, ना वाट. आम्ही मात्र दोन्ही निवडून आलो होतो.

पोखराहून १६ तारखेला अकराजणी सकाळच्या लहान विमानाने जोमसोमला गेल्या. मी आणि काकू फेवा तलावाकाठी राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे नावेतून ताल बाराहीच्या देवळाला निघालो. तलावाच्या मधल्या बेटावर ते देऊळ आहे. पाणी अगदी स्थिर होते. एकाएकी काकूंनी माझा हात धरला. माशाच्या शेपटीसारखे शिखर असलेला माछापुछ्रे वर आकाशात होता आणि खाली पाण्यातही होता. पाऊण तासात धुरकटले आणि सगळे दिसेनासे झाले. काकू एवढेच म्हणाल्या, "मे महिन्यात आलो असतो तर तू मुलांचे डबे भरत असतीस." माझी मुले तिशीची आहेत, हे मी त्यांना सांगितले नाही.

वर गेलेल्या मैत्रिणींनी मुक्तिनाथच्या १०८ धारा पाहिल्या. पाणी बर्फासारखे, म्हणून बहुतेकींनी हातावरच घेतले. तेथे हिंदू आणि बौद्ध दोघेही पूजा करतात, आणि देवळाची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी पाहतात. हे ऐकून काकू फार खूश झाल्या. १८ तारखेचे विमान हवेमुळे आले नाही. राखलेला दिवस कामी आला आणि सगळ्या १९ ला सुखरूप उतरल्या. तो दिवस राखला नसता तर पुढची सारी तिकिटे वाया जाऊन होळीची पुरणपोळी हुकली असती.

निर्मळच्या मावशींनी काळ्या गंडकीचे पाणी लहान बाटलीत भरून आणले होते. बाटली सामानाच्या मोठ्या बॅगेत सुकेळींच्या रिकाम्या डब्यात घालून वसईपर्यंत आली. पाडव्याला काकूंच्या देवघरात त्या पाण्याने शाळिग्रामाला आंघोळ झाली. मावशीही आल्या होत्या. काकू शाळिग्रामाला म्हणाल्या, "घे रे, तुझ्या माहेरचे."

यानंतर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२५ च्या सप्टेंबरात तेथे तरुणांच्या आंदोलनात मोठी उलथापालथ झाली, सरकार पडले. त्यानंतर सुशीला कार्की या तेथल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. पूर्वी त्या सरन्यायाधीशही होत्या. शेजारच्या देशात काय चालले आहे याची विचारपूस करून मगच तिकिटे काढावी.

शेवटी मला सांगावयाचे ते एवढेच. ऋतू आपल्या सोयीचा निवडा. चाल सर्वांत अशक्त बाईच्या पायांनी ठरवा. एक दिवस हातचा राखा. आणि स्वतःचे कागद स्वतःजवळ ठेवा. पुढच्या फाल्गुनासाठी नवी भिशी दसऱ्यापासून सुरू होत आहे. वही माझ्याजवळच आहे. या वेळी मुक्तिनाथला वर जाणाऱ्यांत पहिले नाव माझे आहे. पोखराला थांबणार कोण, ते मात्र अजून ठरलेले नाही. काकू म्हणतात, "मी आहे की!"