कॅन्यनमधला उसना उजेड

अमेरिकेच्या नैऋत्येला, यूटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर, लाल वालुकाश्माचा कोरडा मुलूख आहे. नद्यांनी तो खोल चिरत नेलाय. तिथले फोटो आपण कॅलेंडरवर, संगणकाच्या पडद्यावर पाहिलेले असतात. या मुलखात चार दिवस कॅमेरा घेऊन पायी कसं हिंडावं, याविषयी आज बोलायचं आहे. पण आधी तिथले फोटो कसे पाहावेत ते सांगतो, कारण फोटो नीट पाहता आला की सहलीची निम्मी आखणी झालीच म्हणून समजा.

सुरुवात एका जुन्या फोटोपासून करू. 1873 साली लेफ्टनंट व्हीलरच्या सरकारी मोहिमेबरोबर टिमथी ओसलिव्हन हा छायाचित्रकार ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे या दरीत उतरला. तिथे उभ्या कड्याच्या कोनाड्यात प्राचीन दगडी घरांचे अवशेष आहेत. त्यानं काढलेल्या फोटोत कडा चौकटभर पसरलाय. वरून खाली ओघळलेले पट्टे आधी नजरेत भरतात, मग ती घरं दिसतात, आणि बऱ्याच वेळानं लक्षात येतं की तिथे माणसंही उभी आहेत, पार मुंगीएवढी. आकाश मात्र कुठेच नाही.

यामागे तंत्राचीही अडचण होती. त्या काळी काचेवर कॉलोडियनचा ओला थर देऊन, तो वाळायच्या आत फोटो काढून, तिथेच तंबूच्या अंधारात धुवावा लागे. हा थर निळ्या रंगाला फार हळवा, त्यामुळे आकाश पांढरं फटक उमटायचं. ओसलिव्हननं आकाशच वगळलं आणि साऱ्या चौकटीचा भार दगडावर टाकला. 1942 साली ॲन्सेल ॲडम्सनं जवळपास त्याच जागेवरून तोच कडा टिपला. आकाशाचे सगळे करडे छटाभेद पकडू शकणारी फिल्म त्याच्या हाताशी होती, तरी त्यानं मांडणी बदलली नाही. ओसलिव्हनची नजर किती पक्की होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

रंगात हेच काम एलियट पोर्टरनं केलं. शिक्षणानं तो डॉक्टर. कोलोरॅडो नदीवर धरण होऊन ग्लेन कॅन्यन बुडणार, हे ठरलेलं असताना तो मोठा कॅमेरा घेऊन होडीनं तिथे हिंडला. 1963 साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि त्याच वर्षी त्याचं ‘द प्लेस नो वन न्यू’ हे पुस्तक आलं. या फोटोंत सूर्यास्त नाहीत, भव्य देखावे जवळपास नाहीत. आहे ती ओली भिंत, वाळूतलं साचलेलं पाणी, त्या पाण्यात पडलेला समोरच्या कड्याचा सोनेरी रंग, आणि शेजारीच जांभळट सावली. माझ्या मते कॅन्यनचं छायाचित्रण पोर्टरइतकं कुणालाच कळलं नाही.

त्याला कळलं होतं ते असं. खोल घळीत ऊन थेट तळाशी पोचत नाही. ते वरच्या कड्यावर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून पुन्हा अलीकडे, असं टप्पे घेत खाली उतरतं. वालुकाश्मातलं लोहाचं भस्म दर टप्प्याला निळा रंग शोषतं आणि तांबडा परत देतं. म्हणून वर फिकट पिवळी असलेली भिंत खाली केशरी होते, आणखी खाली लालबुंद. जिथे हा उसना उजेडही पोचत नाही, तिथे फक्त आकाशाचा निळेपणा उतरतो आणि दगड जांभळा दिसतो. आपल्या सांधण दरीत हा खेळ का दिसत नाही? कारण सह्याद्रीचा काळा कातळ उजेड गिळतो, परत देत नाही. कॅन्यनचा कोणताही फोटो समोर आला की भिंतीवरचा उजेड कुठून आला हे शोधा. उन्हाची चमकती पट्टी चौकटीत असेल, तर तिच्यापुढे बाकीचे रंग मरतात. जाणकार ती पट्टी चौकटीबाहेर ठेवतो.

आता सहल. ऑक्टोबर उत्तम. पावसाळी वादळं ओसरलेली असतात, नदीचं पाणी उतरलेलं असतं, आणि परदेशातल्या आपल्या मंडळींना दिवाळीच्या आगेमागे रजाही जमवता येते. लास व्हेगसहून झायन नॅशनल पार्क साधारण 260 किलोमीटर. ग्रँड कॅन्यन या फेरीत घेऊ नका. ते काठावरून खाली पाहायचं ठिकाण, त्याला वेगळी नजर आणि वेगळा वेळ लागतो.

झायनमध्ये एक अख्खा दिवस ‘द नॅरोज’ला द्या. व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं, दोन्ही बाजूंना तीनशे मीटरपर्यंत उंच भिंती. पाणी थंडगार असतं. बूट आणि काठी स्प्रिंगडेल गावात भाड्यानं मिळतात. दरीत खाजगी गाडी हंगामात नेता येत नाही, पार्कची बस असते. फोटोग्राफीच्या वर्गात शिकवतात की दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवा. इथे उलट. सूर्य चढून वरच्या कड्यांना भिडला की खालच्या भिंती उजळू लागतात, म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन हीच कामाची वेळ. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवू नका, तो या रंगांना दोष समजून पुसून टाकतो. ‘डेलाइट’वर ठेवा. पोलरायझर लावला की ओल्या दगडावरची चकाकी जाते आणि खालचा रंग वर येतो. ट्रायपॉड पाण्यात घट्ट रोवून दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर द्या.

पुढे ब्राइस कॅन्यन. दगडाच्या हजारो सुळक्यांचं हे रान 2,400 मीटरहून उंचावर आहे, ऑक्टोबरची पहाट गोठवणारी असते. सूर्योदयाला काठावर उभे राहा. उन्हाकडे पाठ करू नका, उन्हाकडे तोंड करा. सुळक्यांची सावलीतली बाजू शेजाऱ्याच्या उजेडानं आतून पेटल्यासारखी दिसते. झायनमधलाच खेळ, फक्त उघड्यावर.

शेवटी पेज गाव आणि अँटिलोप कॅन्यन. ही जमीन नावाहो लोकांची. त्यांच्या वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, आणि नेहमीच्या फेरीत ट्रायपॉडही नाही. वेळ आगाऊ राखून ठेवा, आणि लक्षात असू द्या की ऑक्टोबरात ॲरिझोनाचं घड्याळ यूटापेक्षा एक तास मागे असतं. वरून उतरणाऱ्या उन्हाच्या झोताचा मोह धरू नका, तो उन्हाळ्यात दिसतो. वळसे घेणाऱ्या भिंतीचा हातभर तुकडा निवडा आणि त्यात केशरीपासून जांभळ्यापर्यंत रंग कसा सरकतो ते पाहा. आत लेन्स बदलू नका, बारीक वाळू सतत वरून झरत असते.

एक गोष्ट मात्र कलेपेक्षा मोठी आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी अँटिलोप कॅन्यनच्या ‘लोअर अँटिलोप’ या भागात अचानक लोंढा आला आणि अकरा पर्यटक दगावले. तिथे पाऊस जेमतेमच होता, मोठा पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडला होता. म्हणून डोक्यावर आकाश निरभ्र असलं तरी पार्कच्या कार्यालयात लावलेला पुराचा अंदाज वाचल्याशिवाय कोणत्याही घळीत शिरू नका. पाणी गढूळ झालं, वाहत्या काटक्या दिसल्या, की कॅमेरा आवरा आणि उंच जागा गाठा. माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी बरोबर हवंच.

जाण्यापूर्वी पोर्टरचं पुस्तक एखाद्या मोठ्या ग्रंथालयातून मिळवून संध्याकाळभर चाळा. जायचं नसेल, तरीही चाळा.