रेषेच्या कोणत्या बाजूला?

(व्याख्यानमालेतील व्याख्यान, डोळखांब)



व्याख्यानाचा विषय गणित आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या मुलांनी दाराकडे पाहिलं. बसा! आज आपल्याला आलेखाच्या कागदावर भात लावायचं आहे.

समजा, एका घराची 40 गुंठे भातशेती आहे. x गुंठ्यांत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात, y गुंठ्यांत गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं. सगळी जमीन लागलीच पाहिजे म्हटलं, तर x + y = 40. याचा आलेख म्हणजे एक रेषा. दहावीची मुलं ती सहज काढतात. पण राबातली रोपं कमी पडली, आवणीला माणसं मिळाली नाहीत, तर चार गुंठे पडीक राहतातच. म्हणून शेतकऱ्याचा खरा हिशेब '40 च्या वर नाही' असा असतो. x + y ≤ 40. ही झाली असमानता. आता रेषा नुसता बांध झाली. बांधासकट त्याच्या एका बाजूची सगळी जागा हे उत्तर.

कोणती बाजू? इथेच मुलं फसतात. '<' दिसलं की रेषेखाली रंगवायचं, असं पाठ केलेलं असतं. मग x − y < 10 घ्या. आरंभबिंदूचे निर्देशक घाला: 0 − 0 = 0, आणि 0 हे 10 पेक्षा लहान. म्हणजे आरंभबिंदू उत्तरात आहे, आणि तो तर या रेषेच्या वर आहे! चिन्ह लहानाचं, जागा वरची. कारण y एकटा काढायला ऋण संख्येने गुणावं लागतं, आणि तसं गुणलं की चिन्ह उलटतं. म्हणून नियम पाठ करू नका, एक बिंदू घालून पाहा. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल, तर (10, 0) सारखा रेषेबाहेरचा बिंदू घ्या. आणि नुसतं '<' असेल तर रेषा तुटक काढा, कारण ती स्वतः उत्तरात नाही.

पुन्हा शेतावर येऊ. गरव्याला उशिरापर्यंत पाणी लागतं, म्हणून ते खालच्या खाचरांतच लावायचं. तशी खाचरं 25 गुंठे धरा: y ≤ 25. क्षेत्र ऋण नसतं, म्हणून x ≥ 0, y ≥ 0. चारही अटी पाळणारी जागा रंगवली की चौकोन उरतो. त्याचे कोपरे (0, 0), (40, 0), (15, 25) आणि (0, 25). गुंठ्यामागे गरवं जास्त पैसे देत असेल, तर सगळ्यात जास्त उत्पन्न (15, 25) वर. हळवं जास्त देत असेल, तर (40, 0) वर. आतला एकही बिंदू त्या कोपऱ्याच्या पुढे जात नाही.

कोपरे तपासायच्या या युक्तीवर लिनियर प्रोग्रॅमिंग नावाचं मोठं शास्त्र उभं आहे. लेनिनग्राडच्या कांटोरोविच यांनी 1939 मध्ये कारखान्यांच्या नियोजनासाठी असे प्रश्न मांडले. 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना कूपमन्स यांच्यासोबत मिळालं. अमेरिकेत डान्झिग यांनी 1947 मध्ये कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकत उत्तर शोधण्याची रीत दिली.

आपल्याकडे असमानतेचा आलेख बारावीत लिनियर प्रोग्रॅमिंगबरोबर येतो. माझं म्हणणं, तो सातवी-आठवीतच आणावा. समीकरणातून मूल नेमकं उत्तर काढायला शिकतं. असमानतेतून आपल्याला निवडीला किती वाव आहे, हे मोजायला शिकतं. घर चालवताना बहुतेक वेळा हेच दुसरं गणित लागतं. गुरुजींनी पहिलं उदाहरण मुलाच्या घरच्या जमिनीचं घ्यावं, म्हणजे आकडे खरे आहेत की नाहीत, हे मूलच सांगेल.