फाळक्यांचा कारखाना पडद्यावर

चित्रपटाची मोहिनी त्याच्या निर्मितीचे रहस्य झाकण्यातच आहे, असा समज असताना, ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या चित्रपटानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९१७ साली, दादासाहेब फाळके यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा मूकपट काढून आपल्या कारखान्याचे दार स्वतःच्या हाताने उघडले, ही गोष्ट मला फार थोर वाटते. त्याचे जे तुकडे बचावले, त्यांत दादासाहेब नटांना सूचना देतात, आणि मग फिल्मची पट्टी दोन्ही हातांत धरून एकेक चौकट न्याहाळतात. मुद्रेवर विलक्षण एकाग्रता. त्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे, म्हणून तर हे तुकडेही दुर्मिळ. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर कितीतरी मूकपट कायमचे नष्ट झाले होते.